घरच्या घरी मीलवर्म: गेको, ड्रॅगन आणि कासव पाळणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

इंटरनेटवर मीलवर्म वाढवण्याची माहिती भरपूर आहे, पण ती बहुतेक थंड देशांतल्या कोरड्या, हीटर लावलेल्या खोल्यांसाठी लिहिलेली असते. आपल्याकडे जुलैत कोकणात भिंतींना ओल येते आणि मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या हवेत हे किडे कसे जगवायचे, आणि मुख्य म्हणजे ते खाणाऱ्या प्राण्याची हाडं कशी शाबूत ठेवायची, यासाठी ही प्रश्नोत्तरं. घाईत असाल तर निदान कॅल्शियमचा प्रश्न वाचाच.

मीलवर्म म्हणजे नेमका कोणता किडा?

टेनेब्रिओ मॉलिटर या काळ्या भुंगेऱ्याची अळी. रव्या-मैद्यात होणारा बारीक तांबडा भुंगेरा याच कुळातला, पण हा त्याच्यापेक्षा बराच मोठा, साधारण दीड सेंटिमीटर लांब. पूर्ण वाढलेली अळी अडीच ते तीन सेंटिमीटरची, पिवळसर सोनेरी आणि कडक कातडीची असते. भुंगेऱ्याला पंख असतात, तरी तो सहसा उडत नाही. गुळगुळीत प्लॅस्टिकवर अळीला किंवा भुंगेऱ्याला चढता येत नाही, म्हणून साध्या डब्यातही हे काम जमतं.

कोणत्या प्राण्यांना मीलवर्म चालतात?

लेपर्ड गेकोला, म्हणजे ठिपकेदार पाळीव पालीला, उत्तम चालतात. त्याच्या आहारात ते नियमित ठेवता येतात, जोडीला रातकिडे मिळाले तर आणखी चांगलं. मोठ्या बिअर्डेड ड्रॅगनचा (हा एक काटेरी सरडा) मुख्य आहार पालेभाजी, त्याला अधूनमधून चार-सहा अळ्या पुरतात. अगदी लहान ड्रॅगनला मात्र शक्यतो मऊ किडे द्यावेत. लाल कानाचं कासव अळ्यांवर तुटून पडतं. तरी त्या खाऊ म्हणूनच द्या, कारण वय वाढतं तसा त्याचा ओढा पाणवनस्पतींकडे जायला हवा.

इग्वाना आणि सुल्काटा कासव शाकाहारी आहेत. त्यांना मीलवर्म अजिबात देऊ नयेत, त्यांनी आवडीने खाल्ले तरीही. त्यांच्या पोटाची घडण पाल्यासाठी झालेली असते. बॉल पायथन या सापाला किड्यांचा काहीच उपयोग नाही.

दुकानात मिळतात, मग घरी कशाला वाढवायचे?

दुकानातली अळी काय खाऊन वाढली हे आपल्याला कळत नाही, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं. पुष्कळदा त्या उपाशी, सुकलेल्या असतात. कुरिअरने मागवल्या तर उन्हाळ्यात निम्म्या वाटेतच मरतात. घरी वाढवल्या की लहान पिल्लासाठी बारीक अळी आणि मोठ्या गेकोसाठी जाड अळी, दोन्ही हाताशी राहतात. खर्चही कोंडा आणि गाजरापलीकडे फारसा नाही.

सुरुवातीला काय काय लागतं?

गुळगुळीत बाजूंचे, पसरट असे तीन प्लॅस्टिकचे डबे. खोल डब्यापेक्षा पसरट बरे, कारण अळ्यांची गर्दी झाली की त्यांच्या हालचालीने आतली उष्णता वाढते आणि मधल्या भागात त्या गुदमरतात. झाकण घट्ट लावू नका. जुन्या ओढणीचा किंवा मलमलचा तुकडा इलॅस्टिकने ताणून बांधला की हवाही खेळते आणि पालही आत शिरत नाही. डब्यात तीन ते पाच सेंटिमीटर कोंडा पसरा. बाकी एक पिठाची चाळणी, एक रव्याची चाळणी आणि दोनशे-अडीचशे अळ्या. एका-दोघा गेकोंसाठी एवढं बियाणं पुरेसं आहे.

कोंडा कुठला घ्यायचा?

गव्हाचा कोंडा. पिठाच्या गिरणीत, किराणा दुकानात किंवा गुरांच्या खाद्याच्या दुकानात मिळतो. साधे ओट्सही चालतात, मसाल्याचे नकोत.

इथे आपल्या घरांतला एक खास धोका लक्षात घ्या. आपण साठवणीच्या धान्याला कीड लागू नये म्हणून बोरिक पावडर लावतो, पारद गोळ्या ठेवतो, कडुनिंबाचा पाला घालतो. गोदामांत तर विषारी धूर देणाऱ्या गोळ्या वापरतात. हे सगळं किडे मरावेत किंवा वाढू नयेत म्हणूनच असतं आणि मीलवर्म हाही किडाच. त्यामुळे घरातल्या बोरिक लावलेल्या गव्हाचा कोंडा कधीच वापरू नका. नवीन ठिकाणाहून कोंडा आणला की आधी वेगळ्या डब्यात थोड्या अळ्या आठवडाभर त्यावर ठेवा. त्या तरतरीत राहिल्या तरच बाकीच्यांना द्या.

आणलेला कोंडा तसाच ओतू नका, त्यात माइट (डोळ्यांना जेमतेम दिसणारे, कोळ्यांच्या जातीचे जीव) आणि किड्यांची अंडी असू शकतात. बंद पिशवीत आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर गारवा पूर्ण उतरेपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर हवेतलं बाष्प कोंड्यावर धरतं. फ्रीजरमध्ये जागा नसेल तर कढईत मंद आचेवर चांगला गरम होईपर्यंत परता आणि निववून घ्या.

पाण्याची वाटी ठेवायची का?

नाही. अळ्या बुडतात आणि कोंडा सडतो. ओलावा गाजराच्या किंवा बटाट्याच्या कापातून द्यायचा. काप कोंड्यात खुपसू नका, वर ठेवा, आणि एक-दोन दिवसांत सुकला नाही तर काढून टाका. गाजर जास्त बरं. ते उशिरा बुरसतं आणि त्यातलं बीटा कॅरोटीन अळीच्या पोटात जातं. काकडी-कलिंगड टाळा, फार पाणी सुटतं.

अंड्यापासून खाण्याजोगी अळी व्हायला किती दिवस लागतात?

तापमान २५ ते २८ अंशांच्या आसपास असेल तर साधारण तीन महिने, कधी त्याहून जास्त. अंडी एक ते दोन आठवड्यांत फुटतात. अंडं जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचं आणि चिकट, त्याला कोंडा लगडतो, म्हणून ते दिसतच नाही. सुरुवातीच्या अळ्याही दिसत नाहीत. बरेच लोक याच टप्प्यावर ‘काही झालंच नाही’ म्हणून डबा रिकामा करतात. अंड्यांचा डबा महिनाभर तरी हलवू नका. मग एका संध्याकाळी उजेड तिरपा धरून पाहा. कोंड्याचा पृष्ठभाग हलताना दिसेल.

अळी पुष्कळदा कात टाकत वाढते. नुकती कात टाकलेली अळी पांढरीशुभ्र आणि मऊ असते. आजारातून उठलेल्या किंवा म्हाताऱ्या प्राण्यासाठी अशा पांढऱ्या अळ्या वेचून ठेवाव्यात, पचायला त्या सोप्या. पुढे अळीचा कोष होतो. तो काही खात नाही, हात लावला की फक्त शेपटाकडून वळवळतो. एक ते तीन आठवड्यांत त्यातून पांढरट भुंगेरा निघतो, आठवडाभरात आधी तांबूस आणि मग काळा होतो. भुंगेरे दोन-तीन महिने जगतात आणि एक मादी त्या काळात अडीचशेहून जास्त अंडी घालू शकते.

तीन डबे कशासाठी? एकात चालणार नाही का?

चालेल, पण उत्पन्न फारच घटेल. भुंगेरे स्वतःचीच अंडी खातात, अळ्या आणि भुंगेरे दोघेही निश्चल पडलेले कोष कुरतडतात. म्हणून एका डब्यात अळ्या, दुसऱ्यात कोष, तिसऱ्यात भुंगेरे. दर दोन आठवड्यांनी भुंगेरे रव्याच्या चाळणीने वेगळे करून ताज्या कोंड्यात सोडा. खाली उरलेल्या जुन्या कोंड्यात अंडी आहेत. तो कोंडा फेकायचा नाही, तारीख लिहून बाजूला ठेवायचा. अशी तारीखवार डब्यांची रांग लागली की अळ्यांचा तुटवडा पडत नाही.

कोष वेचताना चिमटा वापरू नका, प्लॅस्टिकच्या चमच्याने उचला. काळपट आणि लिबलिबीत झालेले कोष व अळ्या मेलेल्या असतात. त्या रोज काढा आणि प्राण्याला देऊ नका.

पावसाळ्यात डब्याच्या कडेला भुकटी साचते आणि ती हलते. हे काय?

पिठातले माइट. मुंबई, कोकण, गोवा, घाटमाथा या भागांत जून ते सप्टेंबर हा सगळ्यात कसोटीचा काळ. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांपलीकडे गेली की हे माइट झपाट्याने वाढतात. अळ्यांना ते थेट फारसे खात नाहीत, पण त्यांच्या तोंडचं अन्न संपवतात, अंडी आणि कोष यांना त्रास देतात आणि कोंड्याला आंबूस वास आणतात.

पावसाळ्यात कोंड्याचा थर निम्म्यावर आणा. गाजर दिवसाआड, पातळ, आणि संध्याकाळपर्यंत उचललेलं. चाळणी आठवड्याला. डबे भिंतीला टेकवून ठेवू नका, पंखा फिरतो अशा खोलीत जमिनीपासून वर ठेवा. मे महिन्यात पापड-कुरडयांसोबत कोंडाही कडक उन्हात वाळवून हवाबंद भरून ठेवला तर पुढचे चार महिने निभतात.

लागण झालीच असेल तर मोठ्या अळ्या आणि भुंगेरे चाळून, वेचून, गरम करून निवलेल्या अगदी कोरड्या कोंड्यात हलवा आणि दोन-तीन दिवस गाजर बंद ठेवा. जुना कोंडा पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये मारा, मग टाका. अंड्यांचा डबा वाचवायचा मोह होतो, पण माइट भरलेला डबा दुसऱ्या डब्यांशेजारी ठेवणं परवडत नाही. औषध मारायचा तर विचारही नको, माइटआधी अळ्याच मरतील.

विदर्भातल्या, खानदेशातल्या उन्हाळ्यात काय करायचं?

तिशीपलीकडे अंड्यांचं प्रमाण घटू लागतं. पस्तिशीच्या वर दिवसच्या दिवस गेले तर मर सुरू होते. खालच्या मजल्यावर, फरशीवर, दुपारचं ऊन न लागणाऱ्या भिंतीशी डबे ठेवा. कूलरच्या वाटेत ठेवले तर थेट ओला झोत नको. मात्र नागपूर-अमरावतीची हवा इतकी कोरडी असते की कूलरचा थोडा दमटपणा तिथे उपयोगीच पडतो. डब्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळता येतं, फक्त पाणी आत झिरपू देऊ नका. एकेका डब्यात अळ्या कमी ठेवा. उलट पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात वाढ मंदावते, ती बंद पडलेली नसते. थांबा, फेब्रुवारीत सगळं पुन्हा सुरू होईल.

अळ्या फ्रीजमध्ये ठेवता येतात?

मोठ्या झालेल्या अळ्या ठेवता येतात. ७ ते १० अंशांत त्यांची वाढ थांबते आणि त्या लवकर कोष होत नाहीत. फ्रीजचा दरवाजा किंवा भाजीचा कप्पा योग्य, आतला थंड भाग नको. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात कोरडा कोंडा घालून ठेवा. आठवड्यातून एक दिवस बाहेर काढून गाजर खाऊ द्या. कोष, भुंगेरे आणि अंडी फ्रीजमध्ये ठेवू नका.

कॅल्शियमबद्दल सगळे इतकं का बजावतात?

कारण घरातले गेको आणि कासवं सगळ्यात जास्त याच्याच अभावाने अपंग होतात, आणि ते पूर्णपणे टाळता येतं.

ताज्या मीलवर्ममध्ये साधारण ६२ टक्के पाणी, १९ टक्के प्रथिनं आणि १३ टक्के चरबी असते. हे ऐकायला छान वाटतं. पण एक किलो अळ्यांत कॅल्शियम जेमतेम १७० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस त्याच्या सोळा-सतरा पट. सरपटणाऱ्या प्राण्याला याच्या उलट हवं असतं, फॉस्फरसच्या दीड ते दोन पट कॅल्शियम. आहारातून ते मिळालं नाही की शरीर रक्तातली पातळी टिकवण्यासाठी हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. मग जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात, प्राणी पोट उचलून चालू शकत नाही. कासवाचं कवच दाबलं की दबतं. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही, म्हणून लक्षणं दिसेपर्यंत वाट पाहू नका, आणि दिसलीच तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा.

उपाय सोपा आहे. देण्याआधी अळ्या छोट्या डब्यात किंवा पिशवीत घाला, चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड टाका आणि हलवा. अळ्यांवर पांढरा थर दिसला पाहिजे. पूड तयार मिळते. आयुर्वेदिक दुकानांत मिळणारं समुद्रफेन, म्हणजे माकुळाच्या जातभाईचं हाड, हेही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच आहे. ते मैद्यासारखं दळून वापरता येतं. उकळून, वाळवून दळलेली अंड्याची टरफलंही चालतात. पानाला लावतात तो चुना मात्र कधीही नाही. तो दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजून काढतो.

गेकोच्या घरात एका बाटलीच्या झाकणात साधी कॅल्शियमची पूड कायम ठेवा, तो लागेल तशी चाटतो. कॅल्शियम शरीरात शोषलं जायला ड जीवनसत्त्व लागतं. ते शरीरात तयार व्हायला ड्रॅगन आणि कासवाला यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा हवाच. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्याची जागा घेत नाही, कारण काच तो किरण अडवते. दिवा नसलेल्या गेकोला ड-३ असलेली पूड लागते. ती किती वेळा द्यायची हे पुडीच्या डब्यावरच्या प्रमाणानुसार किंवा पशुवैद्याला विचारून ठरवा, जास्त झालं तरी अपाय होतो. माणसांच्या गोळ्या अंदाजाने कुटून देऊ नका.

अळ्यांनाच चांगलं खायला घातलं तर पूड टाळता येईल?

टाळता येणार नाही, पण अळ्यांना चांगलं खायला घालाच. देण्याआधी एक ते दोन दिवस त्या अळ्या वेगळ्या काढून अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं बारीक खाद्य घाला. त्यात कवचासाठी म्हणून कॅल्शियम बरंच असतं. फक्त औषध न मिसळलेलं बघून घ्या. सोबत गाजर आणि शेवग्याचा पाला. पालकात कॅल्शियम बांधून ठेवणारं ऑक्झॅलेट जास्त असल्याने त्यातल्या कॅल्शियमचा फार उपयोग होत नाही. हे जड खाद्य कायमचं ठेवू नका, अळ्या त्यावर फार काळ नीट जगत नाहीत. वाढ कोंड्यावर आणि शेवटचे दोन दिवस हा खुराक, हेच बरोबर.

एका वेळी किती अळ्या द्यायच्या?

मोठ्या लेपर्ड गेकोला दर दोन-तीन दिवसांनी सहा ते आठ, पिल्लाला रोज लहान लहान. अळीची जाडी प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. शेपटी मानेपेक्षा जाड झाली की हात आखडता घ्या. अळीची कातडी पचायला ऊब लागते. गेकोच्या घरात ३१ ते ३३ अंशांचा गरम कोपरा नसेल तर आधी तो करा, मग अळ्या द्या. थंडीत हे विशेष पाहा.

अळ्या पोटात गेल्यावर आतून कुरतडतात, हे खरं आहे का?

नाही. चावलेली अळी तोंडातच मरते आणि न चावता गिळलेली पोटातल्या आम्लात, हवेअभावी लवकर मरते. मेलेल्या प्राण्यातून अळ्या बाहेर आलेल्या कुणी पाहिल्या असतील तर त्या बहुधा प्राण्याच्या घरात सुटलेल्या आणि नंतर प्रेत खाणाऱ्या होत्या. खरी काळजी तिथेच आहे. न खाल्लेल्या अळ्या रात्रभर त्याच्या घरात सोडू नका, झोपलेल्या किंवा आजारी प्राण्याला त्या चावे घेऊ शकतात. उभ्या, गुळगुळीत कडांच्या वाटीत द्या आणि उरलेल्या उचला.

सुपरवर्मही असेच वाढवायचे?

नाही, तो वेगळा भुंगेरा आहे, झोफोबास. तो गर्दीत असेपर्यंत कोष करत नाही. एकेक अळी स्वतंत्र छोट्या डबीत ठेवावी लागते. फ्रीजमध्ये तो मरतो. चावाही जोरदार. मीलवर्म जमल्यावर त्याकडे वळा. ‘जायंट मीलवर्म’ नावाने विकतात ते मात्र बहुतेकदा साधेच मीलवर्म असतात, संप्रेरक देऊन अळीच्या अवस्थेत रोखलेले. त्यांच्यापासून पैदास धरू नका.

घरात वास येईल का? कीड पसरेल का?

कोरडा डबा जवळजवळ वास देत नाही. वास आला म्हणजे काहीतरी सडतंय. पसरायचं म्हणाल तर अळी डब्यातून चढून येत नाही, तरी डबे स्वयंपाकघरात आणि धान्याच्या खोलीत नकोत. घरच्यांना किळस वाटत असेल तर जबरदस्ती करू नका, बाल्कनीतली सावलीची जागा मागून घ्या. सुकवलेल्या पिवळ्या मीलवर्मला युरोपीय संघाने २०२१ मध्ये माणसांचं अन्न म्हणून मान्यता दिली आहे. घरात सांगायला ही माहिती कामी येते.

चाळताना शिंका येतात, अंगाला खाज सुटते. का?

ही अ‍ॅलर्जी आहे आणि ती हलक्यात घेऊ नका. कात आणि विष्ठेची बारीक धूळ श्वासात जाते. ज्यांना घरातल्या धुळीची किंवा कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे त्यांना मीलवर्मचाही त्रास होऊ शकतो, कारण यांतली काही प्रथिनं सारखी असतात. गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून, मास्क लावून चाळा. दमा असलेल्या माणसाच्या झोपायच्या खोलीत डबे ठेवू नका.

मुंग्या लागतात, काय करू?

आजीच्या फडताळाचा उपाय: स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्यांचा विषारी खडू, झुरळांचा स्प्रे, डासांची कॉइल किंवा प्लगमधलं लिक्विड यांपैकी काहीही त्या खोलीत वापरू नका. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी डबे दुसऱ्याच्या घरी ठेवा, आणि प्राणीही.

चाळून उरलेल्या भुकटीचं काय करायचं?

ती अळ्यांची विष्ठा आहे, कुंड्यांना उत्तम खत. मूठभर मातीत मिसळा. आधी फ्रीजरमध्ये ठेवली तर उरलीसुरली अंडी मरतात.

हे किडे थर्माकोल खातात म्हणे?

खातात. २०१५ मध्ये अमेरिका आणि चीनमधल्या संशोधकांनी ते दाखवून दिलं. पण प्राण्याला घालायच्या अळ्यांना थर्माकोल देऊ नका. त्यात पोषण नाही, आणि त्यात मिसळलेली रसायनं प्राण्याच्या पोटात पोचवण्याचं काही कारण नाही.

मुळात सरपटणारा प्राणी पाळणं कायदेशीर आहे का?

भारतीय वन्य प्राणी पाळणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. तारा कासव, घोरपड, नदी-तळ्यातली आपली कासवं, काहीच नाही. महाराष्ट्रात लेपर्ड गेकोची रानटी भावंडंही आहेत, माळरानावर दगडाखाली राहणारी. ती दिसली तर तिथेच राहू द्या. विदेशी प्राण्यांपैकी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार करारात (साइटिस) असलेल्या जातींची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीने बंधनकारक झाली, ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. नोंदणी ‘परिवेश’ पोर्टलवर होते. विकत घेण्याआधी विक्रेत्याकडे कागद मागा. आणि लाल कानाचं कासव नकोसं झालं म्हणून तळ्यात सोडू नका, ते आपल्या कासवांची जागा बळकावतं.

पंधरा दिवस गावाला जायचंय. अळ्यांचं काय?

त्यांची काळजी सगळ्यात कमी करा. निघायच्या आदल्या दिवशी मेलेल्या अळ्या आणि कोष वेचा, भुंगेरे ताज्या कोंड्यात हलवा, गाजर पोटभर खाऊ द्या आणि निघताना उरलेले काप काढून टाका. कोरड्या कोंड्यावर अळ्या दोन आठवडे सहज काढतात. भुंगेऱ्यांची काही अंडी जातील, एवढंच. गेकोकडे बघणाऱ्या शेजाऱ्यासाठी मात्र फ्रीजच्या दारात मोजून अळ्यांची डबी ठेवा, शेजारी कॅल्शियमची पूड ठेवा, आणि ती कशी लावायची ते जाण्याआधी एकदा करून दाखवा.